तिसऱ्यांदा मागे नाही

३ फेब्रुवारी

आज क्लबाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तुमच्याइतका काटेकोर माणूस नाही, नियमांचं काम तुमच्याशिवाय कोण करणार, वगैरे वगैरे. मी चढलो. चढल्यावर कळलं की शिडी दंतवैद्यांनी केव्हाच काढून घेतलीय. दंतवैद्य म्हणजे आमचे अध्यक्ष. माणूस गोड बोलत बोलत दात उपटतो.

ही वही नवी आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. आम्ही जुन्या काळच्या लढाया टेबलावर खेळतो. हिरवं कापड, बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, मोजपट्टी, फासे. दोघांचीही सैन्यं सारख्या वजनाची, म्हणजे सारख्या बळाची हवीत, मग ती कुठल्याही देशाची आणि कुठल्याही शतकातली असोत. हे वजन ठरवणं, पंच म्हणून बसणं, भांडणं मिटवणं, ही कामं माझी. पोटापाण्यासाठी मी बाजारातले तराजू आणि वजनं तपासतो. म्हणजे घरी काय नि दारी काय, आयुष्य एकाच काट्यावर चाललंय.

तर दुखणं असं आहे की गेलं वर्षभर दादा सगळं जिंकतोय. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, जन्मभर घोड्यांचा डॉक्टर. टेबलावरही त्याचं सैन्य घोड्यांचंच, धनुष्यवाल्या स्वारांचं. जवळ यायचं, बाण मारायचे (त्यांचे फासे समोरचाच मोजतो), समोरचं पायदळ अंगावर आलं की मागे सरकायचं. पूर्वी तो दोनदा हुलकावणी द्यायचा आणि तिसऱ्यांदा असा उलटायचा की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. गेल्या वर्षापासून उलटणं बंद. नुसतं मागे, मागे, मागे. वेळ संपते, त्याचं काहीच मेलेलं नसतं, समोरच्याच्या दोन तुकड्या बाणांनी गेलेल्या असतात. झाला दादा विजयी! आमच्याकडे म्हणच उलटी झालीय. धरायला जावं तर पळतं, सोडावं तर चावतं.

तिघांनी क्लब सोडला. दंतवैद्य म्हणाले, "एप्रिलच्या चषकाआधी घोड्यांचा बंदोबस्त झाला नाही, तर पुढच्या वर्षी चषकच नसेल. माणसं उरणार नाहीत, साहेब." मागून कुणीतरी पुटपुटलं, "कुऱ्हाडीचा दांडा, दुसरं काय." मी ऐकलं. दादानंही ऐकलं असणार, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

१० फेब्रुवारी

दादाकडे गेलो होतो. माझ्या घरासमोरचीच इमारत. मी एकटा जीव सदाशिव, रविवारचं जेवण वहिनींकडेच.

दादा खिडकीशी बसून नवे घोडे रंगवत होता. एक उचलून पाहिला आणि चक्क हसू आलं. लगामच नाही! सगळ्या रांगेतल्या एकाही घोड्याला लगाम नाही. ज्यानं उभी हयात घोड्यांच्या तोंडात हात घातले, त्याचे घोडे बिनलगामाचे. मी म्हटलं, "दादा, म्हातारपणी आळस बरा नव्हे." तो घोड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काहीतरी राहिलंय खरं."

राहिलंय खरं म्हणे! ढोंग करण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "भाऊजी, क्लबात जाताना यांना बरोबर घेऊन जात जा ना." क्लब दोन गल्ल्यांपलीकडे. दादा तिथे मी जायला लागायच्या आधीपासून जातो, मलाच त्यानं हाताला धरून नेलं होतं. वहिनींना आताशा उगाच काळजीचं वेड लागलंय. "बघतो" म्हटलं.

१८ फेब्रुवारी

घरी जेवणाच्या टेबलावर एकटाच दोन्ही बाजूंनी खेळून बघतोय. डाव्या हातानं पायदळ, उजव्या हातानं घोडे. शेजारचे बघतील तर वेड्यात काढतील.

पहिला उपाय, घोड्यांचं मोल वाढवायचं. म्हणजे तेवढ्याच वजनात कमी घोडे मिळतील. खेळून पाहिलं. कमी घोड्यांना पळायला उलट जास्त जागा मिळाली! बाद. दुसरा उपाय, टेबल आखूड. तिसऱ्या पाळीतच घोड्यांची पाठ काठाला लागली आणि पायदळानं कत्तल केली. मग घोडे आणणार कोण? बाद. उत्सुकता म्हणून टेबलाला जोडून दुसरं टेबल लावलं. तेव्हा घोडे कधीच सापडेनात. मी अर्धी दुपार त्यांच्यामागे भाले घेऊन हिंडलो. हा तर उपायच नव्हे, हसं करून घेणं झालं.

कठीण आहे. मागे जाणं हीच घोड्याची ताकद. ती काढून घेतली की उरतं ते पायदळ, चार पायांचं. आणि राहू दिली तर लढाईच होत नाही. सगळं शांत, सगळं समान. ऑफिसात मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, काटा मधोमध दिसला म्हणून सही करू नका, आधी पारड्याला बोट लावून बघा. अडकलेला काटाही मधोमधच असतो.

२४ फेब्रुवारी

डोकं फिरलंय, तरी लिहितो.

दादाबरोबर सरावाचा डाव खेळलो, त्याच्याच घरी. मी मुद्दाम माझी एक तुकडी वळवून ठेवली, पाठ उघडी. लहान मूलही तिच्यावर तुटून पडलं असतं. मागून हल्ला म्हणजे बळात सरळ दोनची भर. दादाचे घोडे अगदी शेजारी. त्यानं हात घोड्यांवर ठेवला, माझ्याकडे पाहिलं, फाशांकडे पाहिलं आणि घोडे मागे घेतले.

मागे!

मी म्हटलं, "अरे दादा, देवानं दिलं आणि कर्मानं नेलं म्हणतात ते हेच." तो म्हणाला, "माझी पाळी का?" अजून माझी पाळी सुरूही झाली नव्हती. पुढे आणखी दोनदा हेच, माझी पाळी का, माझी पाळी का. समोरच्याला पेटवायचं, तो घाईनं पुढे आला की बाण मारायचे. मला ठाऊक नाही का? हे डावपेच मी त्याच्याकडूनच शिकलोय. पण सख्ख्या भावावर सरावातही वापरायचे?

मी भडकलो आणि नको ते बोललो. "तू भित्रा झालायस. पूर्वी लढायचास, आता नुसता वेळ काढतोस." वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. दादा उठून हात धुऊन आला. टेबलावर अर्धा डाव तसाच मांडलेला. तो हसून म्हणाला, "चल, मांड पट. खेळू या एक डाव."

म्हणजे आधीचा डाव मोजायचाच नाही! मी चहासुद्धा न घेता निघालो.

१० मार्च

नियम मंजूर झाला. घोडेस्वारांच्या तुकडीनं लागोपाठ दोनदा मागे सरकावं, आमची हरकत नाही. तिसऱ्यांदा मागे नाही. तिसऱ्या पाळीत उभं राहायचं किंवा तुटून पडायचं, नाहीतर ती तुकडी मेलेली धरायची. शिवाय दोघांना वेगवेगळं घड्याळ. आपल्या पाळीत आपलंच घड्याळ चालणार, ज्याचं संपलं तो हरला. एक घाव दोन तुकडे.

बढाई मारत नाही, पण नियम सुंदर आहे. घोड्याचा घोडेपणा राहतो आणि लढाईही होते. त्यात खरं तर दादाचाच जुना खेळ आहे, दोन हुलकावण्या आणि तिसऱ्यांदा उलटणं. मी फक्त तो लिहून काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोडून गेलेल्यांपैकी दोघे चषकाला यायला तयार आहेत.

गंमत म्हणजे हात वर केला नाही तो बेकरीवालीनं. ही बाई भालाइतांचं पायदळ खेळते आणि वर्षभर दादाकडून सर्वांत जास्त तीच हरलीय. मी म्हटलं, "बाई, तुमच्याचसाठी केलाय की नियम." ती म्हणाली, "हो, पण मला एक कळत नाही. टक्कर झालीच कधी, तर ते फासे बघत नाहीत. माझं तोंड बघतात. मी हसले की हसतात, माझा चेहरा पडला की म्हणतात, अरेरे."

मी तिला समजावलं की मुरलेला खेळाडू समोरच्याचं तोंडच वाचतो. तिला पटलेलं दिसलं नाही. भल्या पहाटे उठून पाव भाजणाऱ्या माणसाला दुपारी काय पटणार?

दादा बैठकीला होता. नियम वाचून झाल्यावर मी त्याला मुद्दाम विचारलं, "तुझं काही म्हणणं?" तो म्हणाला, "छान आहे. कुणी केलाय?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. पराभव असा हसत घ्यायला मोठं मन लागतं, हे मात्र खरं.

२१ मार्च

वहिनी आज ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी टेबलावर कुणा वाण्याची वजनं तोलत बसलो होतो, मान वर केली तर समोर वहिनी, हातात पिशवी.

"भाऊजी, तो नियम एक वर्ष पुढे ढकलता येईल?"

मला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग वाईट वाटलं, आणि मग रागच आला. या खुर्चीत बसून मी मामाच्या दुकानाचं वजनही खोटं ठरवलंय. मी म्हटलं, "वहिनी, दादानं पाठवलंय का तुम्हाला?"

"त्यांना ठाऊकसुद्धा नाही. उलट त्यांनी मला शपथ घातलीय."

"कसली शपथ?"

त्या वजनांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांच्याकडे एवढंच उरलंय हो. रविवारी तिथे जातात तेव्हा माणसात असतात."

मी म्हटलं, "मग येऊ दे की. कोण अडवतंय? फक्त लढावं लागेल."

त्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "बरं. मग त्या दिवशी तुम्ही तरी त्यांच्याजवळ उभे राहा." मी सांगितलं की पंचाला कुणा एकाजवळ उभं राहता येत नाही. यात काय चुकलं? माझ्या जागी कुणीही हेच सांगितलं असतं. तरी त्या गेल्यावर त्याच वजनाची तीन वेळा नोंद चुकली.

७ एप्रिल

चषक झाला. हॉल भरला होता, जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. घोडे आणि पायदळ खरोखर भिडले. मागच्या वर्षी ज्या डावांत जांभया यायच्या, त्यांच्याभोवती आज माणसांची कोंडाळी. सैन्यं आता तोलात आहेत. दंतवैद्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

दादा पहिल्याच फेरीत हरला.

समोर बेकरीवाली होती. दोनदा मागे सरकला, ठरल्याप्रमाणे. तिसऱ्या पाळीला सगळे पुढे सरकले, आता म्हातारा उलटणार म्हणून. आणि जागा सुरेख होती! तिच्या डाव्या फळीची पाठ उघडी, दादाचे बिनलगामाचे घोडे थेट मागे. त्यानं घोडे भिडवले. मला, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. हाच तो माझा दादा.

मग त्यानं फासे टाकले आणि थांबला. घड्याळ चालू. फासे समोर पडलेले. साधी बेरीज होती, तुकडीचं बळ तीन, मागून हल्ल्याचे दोन, फाशावर चार. तो बोटं मोजायला लागला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. बेकरीवालीच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग माझ्याकडे वळून तो अगदी अदबीनं म्हणाला, "अहो, जरा सांगता का, हे सगळे मिळून किती होतात?"

अहो! मला! ज्यानं जन्मात मला 'मापाड्या' सोडून दुसरी हाक मारली नाही. पंचाच्या खुर्चीचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नसेल. मी तोच मान राखून उत्तर दिलं, "बेरीज खेळाडूनंच करायची असते. पंचाला विचारता येत नाही."

तो म्हणाला, "हो, हो. माफ करा."

घड्याळ संपलं. बेकरीवाली म्हणाली, मी जिंकले नाही, मला नको हा विजय. मी म्हटलं नियमात तशी सोय नाही. दादा एकेक घोडा उचलून पेटीत ठेवत होता. मग वहिनी आल्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या, मला दिसल्याच नव्हत्या. त्यांनी त्याला सदऱ्याच्या बाहीला धरून बाहेर नेलं. जाताना तो त्यांना विचारत होता, "ते गृहस्थ कोण? रागावले का माझ्यावर?"

नियम बरोबर चालला. कुठेही फट सापडली नाही.

८ एप्रिल

ते गृहस्थ कोण.

आज रजा टाकली. काल लिहिलेलं पान पुन्हा वाचलं. मग त्याआधीची वाचली. लगाम. माझी पाळी का. चल, मांड पट. कुणी केलाय. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं, आणि प्रत्येक वेळी खाली मीच शहाणपण पाजळलेलं. दुसऱ्यांच्या पारड्याला बोट लावून बघणारा मी.

समोरच्या खिडकीत दादा बसलाय. हात केला तर त्यानंही केला. तो तर रस्त्यावरच्या कुणालाही करतो.

१४ एप्रिल

गेलो. वहिनींनी दार उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, मला मारा." त्या म्हणाल्या, "चप्पल काढा आणि आत या."

दादा झोपला होता. वहिनी बोलायला लागल्या. डॉक्टरांनी गेल्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. विसरणं वाढत जाणार, थांबणार नाही. आधी आकडे जातील, मग वाटा, मग माणसं. दादानं त्याच दिवशी शपथ घातली, भावाला कळता कामा नये. "तो माझ्याकडे बघून खेळायला शिकला. त्याला माझी कीव यायला नको."

"आणि खेळ? खेळत कसा होता मग?"

"मीही विचारलं होतं. तेव्हा बरे होते जरा. म्हणाले, लढायला बेरीज लागते. मागे जायला लागत नाही."

मी तिथेच बसून हमसाहमशी रडलो. वर्षभर तो एकेक पाऊल मागे सरत आपली जागा राखत होता, आणि साऱ्या क्लबानं त्याला लबाड ठरवलं. इतरांचं सोडा. मी त्याच्यासाठी नियम केला. त्याचा एकच रस्ता नेमका शोधून काढला, नेमका बंद केला आणि वर टाळ्या घेतल्या.

वहिनींनी पाणी आणून दिलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, किंवा रागवायला त्राण नव्हतं. म्हणाल्या, "मीच शपथ मोडायला हवी होती, भाऊजी."

२८ एप्रिल

बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. दंतवैद्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नियम मागे घेऊ या."

मी नको म्हटलं. नियम चांगला आहे, त्यामुळे खेळ जिवंत झालाय, दादा पूर्वीसारखा असता तर त्यानंही तोच केला असता. एकाच्या दुःखासाठी सगळ्यांचा काटा वाकवायचा नसतो. फक्त एक कलम जोडायचं. ज्याला हवं त्याच्याशेजारी एक सोबती बसेल, बेरीज करेल, पाळी कुणाची ते सांगेल. चाल मात्र खेळाडूचीच. बेकरीवालीनं सर्वांआधी हात वर केला.

आणि पंचाच्या खुर्चीचा राजीनामा दिला. पंचाला कुणा एकाजवळ बसता येत नाही ना.

तरी दादा परत येईलसं दिसत नाही. गेले दोन रविवार मी त्याला घेऊन निघालो होतो. दोन्ही वेळा क्लबाचा जिना पाहून त्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "इथे नको. इथे ते रागावतात."

१२ मे

आज सकाळी दादाच्याच घरी पट मांडला. हिरवं कापड मीच अंथरलं, घोडे मीच काढले. एक घोडा हातात घेऊन म्हटलं, "दादा, लगाम रंगवून देऊ का? मला जमेल." त्यानं घोडा निरखून पाहिला. "नको. तोंड सोलवटतं त्यांचं." डॉक्टर अजून आहे तिथे कुठेतरी.

खेळायला लागलो. मी भालाईत पुढे घेतले. त्यानं घोडे मागे घेतले. मी पुढे, तो मागे. पाळी कुणाची ते मी सांगत होतो, बाणांचे फासे मोजत होतो. वहिनी दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या. तो मला 'अहो' म्हणत होता. एकदा विचारलं, "तुम्ही कुठून येता?" मी म्हटलं, "समोरूनच." "बरं आहे," म्हणाला.

मग घोडे टेबलाच्या काठाला लागले. तिसरी पाळी. मागे जागा नाही, समोर माझे भाले. त्यानं हात घोड्यांवर ठेवला. हॉलमध्ये दिसला होता तोच चेहरा. फासे त्यानं माझ्याकडे सरकवले, पुन्हा स्वतःकडे ओढले. तोंडातल्या तोंडात तीन आणि दोन, तीन आणि दोन.

मी उठलो. वहिनींचं शिवणाचं टेबल खिडकीपाशी होतं. त्यावरचे कपडे खुर्चीवर ठेवले, टेबल ओढत आणलं आणि दादाच्या घोड्यांमागे काठाला काठ लावून जोडलं. थोडं उंच होतं. खाचेवर कापडाचं टोक ओढून घेतलं.

"जा मागे," मी म्हटलं. "भरपूर जागा आहे."

दादा त्या टेबलाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. कपाळाला आठ्या पडल्या, आणि मला वाटलं, आता रागावून उठणार.

"हे नियमात बसत नाही, मापाड्या," तो म्हणाला.

वहिनींच्या हातातली भाजी तशीच राहिली. मी म्हटलं, "नाही बसत, दादा. तू जा."

त्यानं घोडे उचलले आणि एकेक करून पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवले.